फी माफ, पण कुठे?

महाराष्ट्र सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या, कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी ती आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. खरी मेख पुढे आहे. या निर्णयातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली होती. म्हणजे गावाजवळच्या विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात सवलत, शहरातल्या चकचकीत खासगी विद्यापीठात नाही. माहितीपत्रकात हे ठळक कोण छापणार?

अशा खासगी विद्यापीठात मुख्य आधार विद्यापीठाच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीचा. ती अनेकदा गुणांवर मिळते आणि ग्रेड घसरली की बंद होऊ शकते. होस्टेल, मेसचा खर्च तिच्यात धरलाय का, तेही पाहावे.

शैक्षणिक कर्जासाठी केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे: तारण नको, जामीनदार नको. मात्र संस्था एनआयआरएफ क्रमवारीवर आधारित यादीत हवी.

प्रवेशाची रक्कम भरण्याआधी सवलतीच्या अटी लेखी घ्या. काउन्सेलरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.