‘तुम्ही जाऊन या, मी राहते घरी!’

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. वेरूळला जायचं की रायगडला, एस.टी.नं की गाडी करून, बरोबर दशम्या घ्यायच्या की पुऱ्या, सगळं ठरतं. आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं, “तुम्ही जाऊन या, मी राहते घरी.” कधी त्या गुडघ्यांनी जेरीस आणलेल्या सासूबाई असतात, कधी पोलिओनं पाय अधू झालेले भाऊजी, तर कधी चाकाच्या खुर्चीवरचा आपलाच मुलगा. आणि त्यांच्या सोबतीला मागं राहता बहुधा तुम्हीच. खरं ना?

जुनी ठिकाणं म्हटली की पायऱ्या आल्याच. किल्ले तर मुळी कोणाला सहजासहजी वर येता येऊ नये म्हणूनच बांधलेले! पण सगळीच ठिकाणं सारखी अवघड नसतात, बरं का.

वेरूळचंच घ्या. तिथल्या ३४ लेण्यांपैकी कैलास, म्हणजे १६ वं लेणं, प्रवेशद्वारासमोरच आहे. त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. दारातली खडबडीत जागा ओलांडताना हाताशी दोन माणसं हवीत. पण एकदा अंगणात पोचलं, की दगडी हत्ती, उंच स्तंभ, कैलास पर्वत हलवणारा रावण, हे सारं खालूनच डोळे भरून पाहता येतं. मंदिरात वर जायला मात्र पायऱ्या आहेत. जैन लेणी जरा लांब आहेत, तिथं वाहनानं जावं.

अजिंठ्याला पायथ्यापर्यंत बस नेते, पुढं पायऱ्या लागतात. तिथं डोलीवाले मिळतात. बसण्यापूर्वीच जाण्यायेण्याचे पैसे ठरवून टाका, म्हणजे नंतर हुज्जत नको. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, हेही ध्यानात असू द्या.

रायगडाला हजारावर पायऱ्या. पण १९९६ पासून तिथं रोपवे आहे. चार-पाच मिनिटांत माणूस वर! बाळाच्या ओढीनं कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट आपण मुलांना सांगतो ना, तिच्याच नावाच्या हिरकणीवाडीहून हा पाळणा निघतो. वर गेल्यावरही पायऱ्या आणि उंचसखल वाट आहेच, तेव्हा मदतीला माणूस हवं. देखभालीसाठी रोपवे कधी बंदही ठेवतात, म्हणून आधी चौकशी करा. पन्हाळ्याला तर गाडी थेट गडावर जाते. अंबरखान्याच्या भल्यामोठ्या इमारती गाडीतूनही दिसतात.

निघण्यापूर्वी एवढं करा

खुर्चीची रुंदी टेपनं मोजून ठेवा. ज्या ठिकाणी जायचं तिथं फोन करून चारच गोष्टी विचारा: गाडी कुठवर येते, पायऱ्या किती, तिथं खुर्ची मिळते का आणि खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह आहे का. या शेवटच्या प्रश्नाचा संकोच करू नका. त्याच्याच धास्तीनं कित्येक जण दिवसभर घोटभर पाणीसुद्धा पीत नाहीत.

उतारावर खुर्ची नेहमी उलटी, म्हणजे बसलेल्याची पाठ उताराकडे करून, सावकाश उतरवा. उचलायची वेळ आलीच तर हातांना धरून उचलू नका. काही खुर्च्यांचे हात सुटे असतात, ते निखळून येतात. सांगाड्याला धरा. दृष्टिहीन माणूस बरोबर असेल तर त्याला ओढत नेऊ नये. आपलं कोपर धरू द्यावं आणि समोर काय आहे ते बोलून सांगावं.

हा उपकार नव्हे

केंद्र सरकारनं २०१५ साली सुगम्य भारत अभियान सुरू केलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक जागी वावरण्याची सोय हा हक्कच ठरवला. तेव्हा सोय नसेल तर गुमान परत येऊ नका, तिथल्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. रॅम्प असेल तर तोही डोळसपणे पाहा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे त्याचं माप. पायरीवर तिरकी फळी टाकली म्हणजे रॅम्प झाला असं नव्हे!

आणि हो, हे सारं ठरवण्याआधी ज्यांच्यासाठी ठरवतोय त्यांना विचारा. डोलीत बसायला त्यांना आवडेल का? की खालच्या झाडाखाली बसून डोंगर पाहण्यातच त्यांना सुख आहे? वर जाणं शक्यच नसेल, तर त्यांच्याजवळ थांबण्याच्या पाळ्या लावा. एक तास यजमानांनी बसावं, एक तास थोरल्या लेकीनं. तेवढ्या वेळात तुम्हीही लेणी बघून या. तिकीट तुम्हीही काढलेलं असतं!