शुभवर्तमानाचा स्वीकार व नकार : मराठी प्रतिसादाचा एक विचार, खानदेशच्या संदर्भासह

प्रस्तावना

ख्रिस्ती शुभवर्तमानाला मिळालेल्या प्रतिसादाची चर्चा करताना बहुधा दोनच रकाने आखले जातात. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते श्रद्धावान आणि ज्यांनी घेतला नाही ते अश्रद्ध. मात्र शुभवर्तमानाचा मूळ पाठ इतका सरळ हिशेब मांडत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील आजारी मुलाचा बाप येशूसमोर आपली श्रद्धा सांगतो आणि त्याच श्वासात आपल्या अश्रद्धेसाठी साहाय्य मागतो. त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला येतो. बी एकच, परंतु वाट, खडकाळ जागा, काटेरी झुडपे आणि चांगली जमीन यांप्रमाणे त्याची गत निराळी होते. रावेर परिसरातील शेतकऱ्याला हा दाखला समजावताना ज्वारी-कपाशीकडे वळावे लागेल, कारण केळीचे बी पेरीत नाहीत, जुन्या झाडाचा कंद लावतात. (हा फरक केवळ शेतीचा नाही. वडिलोपार्जित धर्म कंदासारखा घरातल्या घरात वाढतो, ऐकून स्वीकारायचा धर्म बाहेरून येऊन पडतो.)

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी समाजात श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्यामध्ये ‘घर’ उभे होते. मन वळणे व बाप्तिस्मा घेणे यांमध्ये जो काळ गेला, त्यातच या प्रतिसादाचे खरे स्वरूप शोधावे लागते.

वाद आणि पंगत

मुंबईत 1831 साली मोरभट दांडेकर आणि डॉ. जॉन विल्सन यांच्यात धर्मविषयक वाद झाला. पुढे 1857 मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. या वादांचे वाङ्मयीन महत्त्व मोठे आहे. मराठी गद्याला युक्तिवादाची सवय लागली ती काही अंशी यातूनच. परंतु त्यातील युक्तिवादाने कोणाचा निर्णय फिरला असे फारसे दिसत नाही. समाजाला खरा हादरा बसला तो 1843 च्या श्रीपत शेषाद्री प्रकरणाने. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या या मुलाचा ताबा न्यायालयामार्फत वडिलांकडे परत आला, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. सनातन्यांनी त्यास कडवा विरोध केला. त्या मुलाचा विश्वास कशावर आहे, हा प्रश्न या वादात जवळजवळ कोणी विचारलाच नाही. त्याने कोणाच्या घरचे अन्न खाल्ले एवढाच प्रश्न होता. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क शाबूत ठेवला. पंगतीतील पान मात्र कोणत्याही कायद्याला परत देता आले नाही.

मधला काळ

बाबा पदमनजी यांनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वी ते परमहंस सभेच्या वर्तुळात वावरत होते. 1849 मध्ये स्थापन झालेली ही सभा जातिभेद मानीत नसे, परंतु तिच्या बैठका गुप्त असत. विचार पटलेला आणि घराला कळू द्यायचा नाही, ही अवस्था पदमनजींच्या एकट्याची नव्हती. त्या पिढीतील अनेक सुशिक्षितांनी याच अवस्थेत आयुष्य काढले. त्यांना अश्रद्ध म्हणणे अन्यायाचे होईल.

या मधल्या काळाचे सर्वांत स्पष्ट चित्र टिळक दांपत्याच्या चरित्रात सापडते. रेल्वेप्रवासात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. त्यानंतरच्या वाचन-मननातून त्यांचे मन वळत गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे त्यांच्या दृष्टीने जुने नाकारून नवे घेतले असे घडलेच नव्हते. लक्ष्मीबाईंचा प्रश्न वेगळा होता. वडिलांच्या कडक सोवळ्यात त्या वाढल्या होत्या, आणि पतीच्या निर्णयाने त्यांचे घर एका दिवसात मोडले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपला आचार सोडला नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक क्रम स्पष्ट दिसतो : जातिभेद माणसानेच निर्माण केला, ही खात्री त्यांना आधी पटली, त्यानुसार अन्नपाण्याचे बंधन सुटले आणि बाप्तिस्मा त्यानंतर आला. त्यांच्या दीर्घ नकाराचे कारण ख्रिस्ताविषयीचा अविश्वास हे नव्हते. नकार होता तो घर मोडण्याला. एरवी विनोदी व खेळकर वाटणाऱ्या या आत्मचरित्राचे धर्मशास्त्रीय मूल्य आपल्याकडे पुरेसे ओळखले गेलेले नाही.

बाप्तिस्म्याने हा काळ संपतोच असेही नाही. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, परंतु त्रैक्य व चर्चची अधिकारसत्ता या प्रश्नांवर त्या आपल्या मार्गदर्शक भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घालीत राहिल्या. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्याला पुढे अनेक वर्षांनी गवसला, असे त्यांनी नंतर नमूद केले. टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला आणि त्याचे दार बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही खुले ठेवले.

महात्मा फुले यांचा प्रतिसाद या मालिकेत वेगळा पडतो. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांनी येशूविषयी आदर कधी लपविला नाही, पण बाप्तिस्मा घेतला नाही. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापून त्यांनी ‘निर्मिक’ ही स्वतंत्र कल्पना मांडली. 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यात पत्नी, पती व मुले आपापल्या पसंतीचे बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम असे निरनिराळे धर्म स्वीकारतात आणि तरी एका छपराखाली प्रेमाने राहतात. पदमनजी व टिळक ज्या ठिकाणी अडखळले त्या घरालाच फुल्यांनी हात घातला. श्रद्धेची किंमत म्हणून घर का मोडावे, हा त्यांचा प्रश्न मिशनऱ्यांना आणि शास्त्रीबुवांना सारखाच अडचणीचा होता.

खानदेशातील संदर्भ

खानदेशात शुभवर्तमान आले ते समुद्रकिनाऱ्यावरील वादांतून नव्हे, तर दुष्काळ व रेल्वे यांच्या वाटेने. रावेर ज्या भुसावळ–खंडवा लोहमार्गावर वसले आहे त्याच्या टोकाशी, भुसावळात, तसेच जळगाव व चाळीसगाव येथे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची केंद्रे होती. पश्चिमेकडे नंदुरबार-नवापूर भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आदिवासींमध्ये काम करी. 1899-1900 च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना मिशन संस्थांनी आश्रय दिला. ‘अन्नासाठी धर्म’ हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. पण या मुलांच्या बाबतीत श्रद्धा-अश्रद्धेचे मोजमापच लागू पडत नाही. ज्या घरासाठी लक्ष्मीबाई अडून राहिल्या, ते घर या मुलांचे दुष्काळाने आधीच नेले होते.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचा निर्णय वेगळ्या दिशेने गेला. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केल्यावर ख्रिस्ती धर्मासह अनेक पर्याय पुढे आले. ख्रिस्ती झालेल्यांमध्येही जात टिकून राहते, हे त्यांनी परखडपणे दाखविले, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागपूर येथे बौद्ध धम्म स्वीकारला. हा नकार चर्चच्या आचरणाला होता.

स्वतंत्र भारतात घराच्या जोडीला दाखला आला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला गेला. 1956 मध्ये शिखांना व 1990 मध्ये बौद्धांना त्यात स्थान मिळाले, ख्रिस्ती दलितांना नाही. त्यामुळे मानलेला धर्म व नोंदलेला धर्म वेगळा ठेवण्यास एक व्यावहारिक कारण निर्माण झाले. परमहंस सभेतील गुप्तता वडीलधाऱ्यांच्या भीतीने होती, येथे ती मुलांच्या शिक्षणासाठी व नोकरीसाठी असते. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अशी अट नाही. रावेर, यावल व चोपडा तालुक्यांतील तडवी भिल्ल इस्लाम मानतात आणि तरी अनुसूचित जमातीतच मोडतात. सातपुड्यातील ख्रिस्ती झालेल्या आदिवासी कुटुंबालाही कायद्याने तोच दर्जा राहतो. त्याला किंमत द्यावी लागते ती दाखल्यावर नव्हे, तर गावदेवाच्या पूजेला, लग्नाच्या जेवणाला आणि मर्तिकाला कोण बोलावतो आणि कोण नाही, या हिशेबात.