व्हिम उशिरा उघडतो, तो रॅममुळे नव्हे

टर्मिनलमध्ये व्हिम उघडायला चार-पाच सेकंद लागले की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मशीन जुनं झालंय, रॅम वाढवा.’ संगमनेर, लोणी किंवा विळद घाटात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी यापायी खर्चात पडण्याचे काहीच कारण नाही. व्हिम १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी प्रसिद्ध झाला, आणि अमिगा ५०० ची मूळ मेमरी होती ५१२ किलोबाइट! आजच्या स्वस्तातल्या लॅपटॉपलाही या एडिटरपुरती मेमरी कमी पडत नाही. हार्ड डिस्क जुनी असेल तर पहिल्यांदा उघडताना फरक जाणवतो. पुढच्या खेपेला त्याच फायली कॅशमधून येतात. दर वेळी सारखाच उशीर होत असेल, तर एडिटर सुरुवातीला काय वाचतो आणि कोणाची वाट पाहतो, हे शोधावे लागते.

ते अंदाजाने ठरवू नये, मोजावे. ‘क्लीन’ पर्याय देऊन व्हिम उघडला की स्वतःच्या सेटिंग्ज आणि प्लगइन बाजूला राहतात. तसा तो चटकन उघडला, तर दोष त्यांचाच. मग ‘स्टार्टअपटाइम’ पर्यायापुढे एका फाइलचे नाव द्यावे; प्रत्येक पायरीला किती मिलिसेकंद लागले, याची नोंद त्या फाइलमध्ये होते. बहुतेक वेळा एखाददुसरे प्लगइनच वेळ खाताना सापडते. सरसकट सगळी काढून टाकणे हा उपाय नव्हे.

‘क्लीन’नेही उशीर तसाच राहिला, तर संशय क्लिपबोर्डवर घ्यावा. क्लिपबोर्ड आणि खिडकीच्या शीर्षकासाठी व्हिम एक्स सर्व्हरशी जोडणी करतो. संगमनेरहून अमेरिकेतल्या सर्व्हरवर एसएसएचने, एक्स फॉरवर्डिंग चालू ठेवून काम केले, तर यातली प्रत्येक देवाणघेवाण समुद्रापार जाऊन परत येते. व्हिमच्या स्वतःच्या मदतपुस्तिकेतच यावर कॅपिटल ‘एक्स’ पर्याय सांगितला आहे. अक्षर कॅपिटलच हवे. स्मॉल ‘एक्स’ दिल्यास फाइल कूटबद्ध करण्यासाठी किल्ली मागितली जाते.

व्हिम पुन्हा इन्स्टॉल करून काही साधत नाही, कारण सेटिंग्जची फाइल होम फोल्डरात जशीच्या तशी राहते. रिकामी फाइलही रेंगाळत उघडत असेल, तर फाइलच्या आकाराला दोष देता येत नाही. ईमॅक्स हा दुसरा एडिटर मुळातच सुस्त, हेही खरे नाही: संगणकाचे पूर्ण नाव नेटवर्कवर सापडले नाही तर तो खोळंबतो, असे त्याच्याबरोबर येणाऱ्या अडचणींच्या फाइलमध्येच लिहिले आहे. ‘होस्ट्स’ फाइलमध्ये ते नाव नोंदवले की हा खोळंबा संपतो.