आत्ता कोण आलंय?

२६ जून २०२४ रोजी आयसीक्यू बंद झालं. आठ पाकळ्यांचं फूल हे त्याचं बोधचिन्ह, सात हिरव्या आणि एक लाल. जोडणी तुटली की अख्खं फूल लाल व्हायचं, जुळली की पुन्हा हिरवं. निरोप आला की संगणकातून कुणीतरी दचकून ‘अ-ओ!’ म्हटल्यासारखा आवाज यायचा. इस्रायलमध्ये जन्मलेली ही सेवा शेवटच्या काळात व्हीके या रशियन कंपनीकडे होती, आणि जाताना तिनं उरलेल्या लोकांना व्हीकेचाच दुसरा मेसेंजर वापरायला सुचवलं. तिच्या आधी बाकीचे गेले होते. मायक्रोसॉफ्टचा मेसेंजर २०१३ मध्ये आणि चीनमध्ये ३१ ऑक्टोबर २०१४ ला, एओएलचा एआयएम १५ डिसेंबर २०१७ ला, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला. ५ मे २०२५ ला स्काइपही गेलं.

या सेवांसाठी कुणी हळहळलं, की ‘अरे, ते तुझं तरुणपण आहे, सॉफ्टवेअर नव्हे’ असं म्हणून विषय मिटवला जातो. मला ते पटत नाही. तरुणपण तर गेलंच, पण या सेवांबरोबर एक खरी सोयही गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलेलं नाही. आपलं माणूस आत्ता, या क्षणी, आपल्यासारखंच पडद्यासमोर येऊन बसलंय हे त्या दाखवत. ते उठून गेलं की तेही दाखवत.

आयसीक्यू आलं तेव्हा, १९९६ साली, संगणकावरून गप्पा मारणं नवीन नव्हतं. विद्यापीठांतल्या युनिक्स यंत्रांवर ‘टॉक’ होता. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेननं १९८८ मध्ये आयआरसी सुरू केलं होतं. पण युनिक्सवर सगळे एकाच मोठ्या यंत्रावर किंवा कायम जोडलेल्या यंत्रांवर असत, त्यामुळे कोण हजर आहे ते यंत्रालाच ठाऊक असे. घरातल्या संगणकाचं तसं नव्हतं. तो मॉडेमवरून फोन लावून तासाभरासाठी इंटरनेटवर यायचा आणि दर वेळी त्याला नवा आयपी पत्ता मिळायचा. रोज बिऱ्हाड बदलणाऱ्या आणि पोस्टात काहीही न कळवणाऱ्या माणसासारखी त्याची गत होती. मित्र त्याच क्षणी दुसऱ्या शहरात नेटवर असला, तरी त्याला गाठायचं कुठे?

तेल अवीवमधल्या चार तरुणांनी यावर उपाय काढला. यायर गोल्डफिंगर, सेफी विजिसर, अम्नोन अमीर आणि अरिक वर्दी. अरिकचे वडील योसी वर्दी यांनी पैसे घातले आणि १९९६ मध्ये आयसीक्यू काढणारी मिराबिलिस ही कंपनी उभी राहिली. त्यांची युक्ती सरळ होती. प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक द्यायचा. संगणक नेटवर आला की आतला छोटा कार्यक्रम मिराबिलिसच्या सर्व्हरला कळवणार की हा क्रमांक आत्ता या पत्त्यावर आहे, आणि सर्व्हर ती खबर त्याच्या मित्रांच्या यादीत पोचवणार. मित्र हजर नसेल तर निरोप सर्व्हरवर थांबून राहणार. क्रमांक ओळीनं दिले जात, त्यामुळे ज्याचा आकडा छोटा तो जुना जाणता. पुढे असे छोटे आकडे विकलेही गेले. जून १९९८ मध्ये एओएलनं ही कंपनी घेतली, २८ कोटी ७० लाख डॉलर रोख देऊन आणि कामगिरीनुसार आणखी १२ कोटींपर्यंत देण्याच्या बोलीवर.

एओएलकडे स्वतःचा एआयएम होताच, मे १९९७ पासूनचा. ‘बडी लिस्ट’ हे नाव घरोघरी गेलं ते त्याच्यामुळे. मित्र आला की दार कुरकुरत उघडल्याचा आवाज, गेला की दार आपटल्याचा. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वसतिगृहांत मुलं जेवायला जातानाही एआयएमवर ‘अवे’ची पाटी लावून जात आणि ती पाटी लिहिण्यात बराच जीव ओतत. आपण नसताना आपल्याबद्दल काय दिसावं याचा विचार करण्याची ती सुरुवात होती.

आपल्याकडे मात्र राज्य याहूचं होतं. ९ मार्च १९९८ ला ‘याहू पेजर’ म्हणून ते सुरू झालं आणि पुढच्या वर्षी त्याचं याहू मेसेंजर झालं. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं होतं, पण घरी संगणक असणारे थोडे, आणि नेट लावलं की घरचा फोन अडकायचा. त्यामुळे पुण्या-मुंबईत आणि थोड्याच काळात जिल्ह्या-तालुक्याच्या गावीही बहुतेकांची मेसेंजरशी गाठ पडली ती सायबर कॅफेत. सनमायकाच्या आडोशांमागे एकेक संगणक, दाराशी वही, तासाचे पैसे, स्पंज निघालेले हेडफोन. ई-मेलचा आयडी याहूचा, म्हणून मेसेंजरही याहूचा. मुंबईच्या रेडिफनं ‘रेडिफ बोल’ आणलं, काहींनी ते वापरलंही, पण ज्याला त्याला याहूचाच आयडी विचारला जायचा. ‘साडेनऊला नेटवर ये’ हे वाक्य त्या काळी सर्रास ऐकू येई, कारण कॅफेतला तास मोजून घेतलेला असे आणि समोरच्यानंही तोच तास घेतलेला असला तरच भेट व्हायची.

याहूनं या भेटीला भरपूर दागिने चढवले होते. कंस-टिंब टंकले की पिवळे चेहरे हसत, रडत, डोळा मारत. मागं चित्रांची सजावट लावता येई. कुणी उत्तर देईना तर ‘बझ’ मारायचा: समोरच्याची खिडकी गदगदा हलायची, लाल अक्षरं उमटायची, टिंग वाजायचं. कॅफेत शेजारच्या आडोशातून ती टिंग ऐकू आली की कुणाचं तरी वाट पाहून झालंय एवढं कळायचं. ‘इन्व्हिजिबल’ होऊन बसायची सोय होती. ती वापरून कुणा एकाची वाट पाहत तासभर बसणारे आणि तो आला की काही न बोलता उठणारे किती असतील ते याहूलाच ठाऊक. सार्वजनिक खोल्याही होत्या. तिथं शिरलं की पहिला प्रश्न ‘एएसएल?’, म्हणजे वय, लिंग आणि गाव. त्या खोल्यांत घाणही पुष्कळ होती. २००५ मध्ये मुलांच्या सुरक्षिततेवरून टीका झाली, जाहिरातदारांनी पाठ फिरवली आणि लोकांनी स्वतः उघडलेल्या खोल्या याहूनं बंद केल्या. उरलेल्या खोल्या डिसेंबर २०१२ मध्ये गेल्या. त्यांचं मला दुःख नाही.

मला मोलाची वाटते ती दुसरी गर्दी. वायटूकेच्या कामाच्या निमित्तानं आणि त्यानंतर मराठी घरांतली मुलं मोठ्या संख्येनं अमेरिकेला गेली. आयएसडीचा मिनिटाचा दर असा की आई-वडील घड्याळ समोर ठेवून बोलत आणि महत्त्वाचं तेच राहून जाई. याहूच्या व्हॉइस चॅटनं ती मिनिटं मोजणं संपवलं. उन्हाळ्यात पुण्यात रविवारी सकाळचे आठ म्हणजे न्यू जर्सीत शनिवारी रात्रीचे साडेदहा. दोन्हीकडे सुट्टीची सवड. त्या वेळी कॅफेत साठीच्या बायका हेडफोन कानाला दाबून मोठ्यानं बोलताना दिसत, ‘अगं, ऐकू येतंय का? जेवलीस का?’ आणि ज्यांनी आयुष्यात टंकलेखन यंत्राला हात लावला नव्हता ते आजोबा एका बोटानं अक्षर शोधून नातवाला विचारत, शाळा कशी चाललीय. ही माणसं संगणक शिकली ती कुठल्या साक्षरता मोहिमेमुळे नव्हे. यादीतलं मुलाचं नाव उजळलं की त्याला काहीतरी म्हणायला हवं, म्हणून शिकली.

आणि ते मराठीत म्हणत, पण रोमन अक्षरांत. विंडोज ९८ च्या त्या संगणकांवर देवनागरी टंकणं जवळजवळ अशक्य होतं. मग ‘आहे’ला कुणी दोन ‘ए’ लावी, कुणी एक. ‘ळ’ आणि ‘ल’ एकच होत. ‘ण’चा ‘न’ होई. ‘छ’ कसा लिहायचा यावर एकमत कधीच झालं नाही. तरी अर्थ अडला नाही. पत्रातली मराठी ‘तीर्थरूप’पासून सुरू होऊन ‘साष्टांग नमस्कारा’पर्यंत जात असे. ही मराठी ‘काय करतोयस’पासून सुरू व्हायची आणि जेवणाची हाक आली की तिथंच तुटायची. आपल्या बोलण्यातली अर्धी वाक्यं, हुंकार, ‘बरं’ आणि ‘मग’ एवढ्या प्रमाणात लिहून निघाली ती त्या खिडक्यांत. भाषेच्या अभ्यासकांनी या लेखनाकडे पाहायला हवं होतं. पण तो साठा जिथं होता ते सर्व्हर आता नाहीत.

हे असं होणं अटळ नव्हतं. ई-मेल कुठल्याही कंपनीचा असो, दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर जातो. मेसेंजरांनी ते होऊ दिलं नाही. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपला मेसेंजर आणला तेव्हा त्यातून एआयएमवरच्या मित्रांशीही बोलता येत होतं. एओएलनं तो रस्ता बंद केला, मायक्रोसॉफ्टनं नवा काढला, एओएलनं तोही बुजवला. असं आठवडे चाललं. शेवटी एओएलनं स्वतःच्याच कार्यक्रमातल्या एका दोषाचा आधार घेतला. सर्व्हरकडून असा मजकूर पाठवला जाई की तो वाचताना खरा एआयएम आपल्याच स्मृतीतला एक तुकडा परत पाठवी. मायक्रोसॉफ्टच्या नकलेला ते जमेना. सुरक्षेच्या दृष्टीनं हे धोक्याचं होतं. मायक्रोसॉफ्टच्याच कुणीतरी खोट्या नावानं एका सुरक्षातज्ज्ञाला ई-मेल लिहून त्याची चुगली केली, आणि ते पत्र कुठून निघालं हेही उघडकीला आलं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं माघार घेतली. त्याच वर्षी जेरेमी मिलरनं जॅबर जाहीर केलं होतं. कुणीही आपला सर्व्हर उभारावा आणि सगळे एकमेकांशी बोलू शकावेत अशी ती खुली पद्धत. गुगल टॉकनं २००५ मध्ये ती स्वीकारली आणि पुढे सोडून दिली. याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००६ मध्ये आपापसात दार उघडलं आणि २०१२ मध्ये बंद केलं. या कुंपणांमुळे एक कंपनी थकली की तिच्यावरची सगळी नाती एका रात्रीत बेपत्ता होण्याची सोय करून ठेवली गेली. माझा राग या गोष्टीवर आहे, सेवा बंद होण्यावर तितका नाही.

याहू मेसेंजरला शेवटपर्यंत धरून राहिलेल्यांत एक अनपेक्षित गट होता, कच्च्या तेलाचे व्यापारी. भाव, जहाजं, सौदे हे सगळं वर्षानुवर्षं त्या जांभळ्या खिडक्यांत चालत आलं होतं. कोण आत्ता टेबलावर आहे हे एका नजरेत दिसायचं, आणि ज्या धंद्यात मिनिटाला भाव हलतो तिथं याहून मोठं काय हवं? ऑगस्ट २०१६ मध्ये याहूनं जुना कार्यक्रम बंद करून नवा आणला. कंपन्यांना नियमानुसार संभाषणांची जी नोंद ठेवावी लागते ती त्यात नीट बसेना, आणि हे लोक दुसरीकडे गेले.

तोवर सामान्य माणूस केव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर गेला होता. व्हॉट्सअ‍ॅप काढणारे जॅन कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन दोघेही याहूचे जुने नोकर. २००७ मध्ये बाहेर पडलेले. २००९ मध्ये कूमच्या मनात होतं ते निरोपांचं साधन नव्हतंच. फोनमधल्या प्रत्येक नावापुढे तो माणूस आत्ता काय करतोय याची पाटी दिसावी, एवढीच कल्पना होती: कामात आहे, व्यायामशाळेत आहे, बॅटरी संपत आलीय. म्हणजे बडी लिस्टच, खिशात घालून नेता येणारी. जूनमध्ये आयफोनवर पुश सूचनांची सोय आली, पाटी बदलली की मित्रांना खबर जाऊ लागली आणि लोक पाट्यांमधूनच एकमेकांशी बोलू लागले. मग निरोपांची सोय आली आणि पाटी मागं पडली. फोन कधी बंद नसतो, त्यामुळे आता कुणी येत नाही आणि कुणी जातही नाही. ‘लास्ट सीन’ हा हजेरीचा उरलेला अवशेष आहे, आणि तोही पुष्कळ जण लपवून ठेवतात, कारण सतत हजर धरलं जाणं त्यांना जाचतं. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. याहूवर ‘चल, जातो’ म्हणून साइन आउट करणाऱ्याला कुणी दोष देत नसे.

याहूनं बंद होताना आपली संभाषणं उतरवून घ्यायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती संपली. तरी सगळं गेलं असं मानू नका. जुन्या याहू मेसेंजरमध्ये संभाषणं स्वतःच्या संगणकावर जतन करायचा पर्याय होता. ज्यांनी तो निवडला त्यांच्या हार्ड डिस्कवर याहूच्या फोल्डरात ‘प्रोफाइल्स’, त्यात आपल्या आयडीच्या नावाचा फोल्डर, त्यात ‘आर्काइव्ह’ आणि त्यात तारखांच्या फाइली असण्याची शक्यता आहे. उघडल्या तर त्यात नुसती विचित्र चिन्हं दिसतील, कारण मजकूर गुंतवून ठेवलेला असतो. पण ते कुलूप फार साधं आहे. मजकुराच्या अक्षरांवर वापरकर्त्याच्या आयडीची अक्षरं ओळीनं चढवलेली असतात, तीच पुन्हा चढवली की मूळ मजकूर निघतो. हे काम करणारे छोटे कार्यक्रम लोकांनी कधीचे लिहून ठेवले आहेत. तेव्हा माळ्यावरचा जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी त्याची डिस्क काढून घ्या आणि एखाद्या जाणत्याकडून तिची नक्कल करून ठेवा; या डिस्का वीस वर्षांच्या झाल्यात, फार काळ टिकणार नाहीत. आयडी आठवत नसला तरी अडणार नाही, फोल्डरच्या नावातच तो लिहिलेला आहे.