लोकहिताची कंपनी आणि घरचा पैसा

हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीचे शेअर ज्या घरांत दोन-दोन पिढ्या जपून ठेविलेले आहेत, अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नसतील. डिसेंबर २०२५ मध्यें त्या घरांच्या वांट्यास न मागतां कांहीं आलें. मूळ कंपनीनें आपला आइस्क्रीमचा धंदा वेगळा काढून 'क्वालिटी वॉल्स (इंडिया)' ही स्वतंत्र कंपनी केली, व प्रत्येक जुन्या भागामागें नव्या कंपनीचा एक भाग भागीदारांस मिळाला. या नव्या कंपनीचीं सूत्रें ज्या परदेशी मॅग्नम आइस्क्रीम कंपनीकडे जावयाचीं ठरलीं, तिच्याच पोटांत 'बेन अँड जेरीज' नांवाची एक अमेरिकन कंपनी आहे. खाण्याचा पदार्थ विकून लोकहित साधणारी कंपनी म्हणून गेलीं चाळीस वर्षें जगभर तिचाच दाखला देण्यांत येतो.

नुकत्याच नोकरीस लागलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी भेटावयास आला म्हणजे हल्लीं एक प्रश्न हटकून निघतो. दारू-तंबाखूच्या धंद्यांत पैसा घालवत नाहीं; बँकेच्या व्याजांत भागत नाहीं; तेव्हां शेतकऱ्यास योग्य भाव देणारी, नोकरांस नीट वागविणारी, अन्नांत भेसळ न करणारी अशी एखादी कंपनी पाहून तींत शिल्लक गुंतवावी काय? प्रश्न सात्त्विक आहे, आणि म्हणूनच त्याचें उत्तर भाबडेपणानें देऊन चालणार नाहीं. एकत्र कुटुंबांतील शिल्लक कोणा एकाची नसते. तींत वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड असतो, धाकट्या बहिणीचें शिक्षण असतें, आजीच्या औषधांची तरतूद असते. म्हणून या प्रसिद्ध कंपनीची हकीकत गुंतवणूक करणाराच्या दृष्टीनें येथें थोडी तपासून पाहूं.

बेन कोहेन व जेरी ग्रीनफील्ड हे दोघे बाळमित्र. दोघांचाही जन्म १९५१ सालचा. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचा आइस्क्रीम करण्याचा पांच डॉलरांचा टपाली अभ्यासक्रम त्यांनीं घेतला, आणि ४ हजार डॉलर कर्जाऊ घेऊन एकूण १२ हजारांच्या भांडवलावर ५ मे १९७८ रोजीं व्हर्मांट राज्यांतील बर्लिंग्टन येथें एका जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतींत दुकान मांडलें. बेन यांस वास व चव फारशी कळत नाहीं. म्हणून निदान दातांना तरी कळावे इतके मोठे चॉकोलेटचे व फळांचे तुकडे घालण्याची रीत पडली, आणि पुढें तीच मालाची ओळख झाली. (या आइस्क्रीमांत अंड्याचा बलक असतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस त्याचा भाग चालेल, पण पदार्थ चालणार नाहीं!)

पैशाची गरज पडली तेव्हां १९८४ सालीं या दोघांनीं जें केलें तें आजही नवलाचें वाटतें. त्यांनीं आपले भाग फक्त व्हर्मांटच्या रहिवाशांस विकावयास काढिले. एका भागाची किंमत साडेदहा डॉलर, आणि कमींत कमी बारा भाग घेतले म्हणजे झालें. अर्थात् १२६ डॉलर असलेला कोणीही गृहस्थ कंपनीचा धनी होऊं शके. दूध ज्या गांवांचें, गिऱ्हाईक ज्या गांवांचें, नफाही त्याच गांवांत फिरावा असा हेतु. पुढच्याच वर्षीं एक धर्मादाय प्रतिष्ठान काढून करपूर्व नफ्याचा शेंकडा साडेसात हिस्सा तिकडे वळविण्याचें ठरलें. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याचा पगार सर्वांत खालच्या नोकराच्या पांचपटीहून अधिक असूं नये असाही दंडक घातला. १९८८ मध्यें माल, पैसा आणि समाज हीं तीन उद्दिष्टें सारख्याच मानाचीं म्हणून लेखी जाहीर झालीं.

आम्हीं आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकविलें, त्यामुळें आम्हांस येथें विशेषण आणि विशेष्य यांचा भेद आठवतो. 'सामाजिक जबाबदारीची' हें विशेषण. 'कंपनी' हें विशेष्य. विशेषणाची पारख करावयाची तर तें कोणाच्या खर्चानें लागलें आहे हें पाहावें लागतें. देणगीचेंच घ्या. नफ्याचा साडेसात टक्के हिस्सा ऐकण्यास भरघोस वाटतो, आणि तो खरोखर मोठाही आहे. पण तो नफ्यावर आहे. नफा झाला नाहीं तर देणगीही नाहीं. अशा दानानें कोणतीही कंपनी बुडत नाहीं, आणि म्हणून केवळ देणगीचा आकडा पाहून कंपनीच्या स्वभावाविषयीं फारसें अनुमान काढतां येत नाहीं.

दुधाची गोष्ट निराळी. गाईंस अधिक दूध यावें म्हणून कृत्रिम वाढीचें द्रव्य टोंचण्यास अमेरिकेंत १९९३ मध्यें परवानगी मिळाली. या कंपनीनें त्यास विरोध केला, आणि सेंट ऑल्बन्स येथील सहकारी संघाच्या शेतकऱ्यांनीं तें टोंचूं नये म्हणून त्यांस बाजारभावाहून अधिक पैसे देऊं केले. हा खर्च नफा निघण्यापूर्वींचा आहे. धंदा मंद असो वा तेजींत असो, दूध येईल त्या दिवशीं तो द्यावाच लागतो. आमच्या मतें या कंपनीच्या साऱ्या सत्कृत्यांत हें अधिक भारी, कारण त्याचा भार दररोज सोसावा लागतो.

पगाराच्या दंडकाचें मात्र तसें झालें नाहीं. पांचपटीची मर्यादा कांहीं वर्षांनीं सातपट झाली, आणि १९९४ मध्यें बाहेरचा अनुभवी व्यवस्थापक शोधण्याची वेळ आली तेव्हां ती सोडूनच द्यावी लागली. त्याच वर्षीं कंपनीस प्रथम तोटा आला. असाच दुसरा प्रकार 'रेनफॉरेस्ट क्रंच' या मालाचा. ॲमेझॉनच्या अरण्यांतील लोकांकडून ब्राझील नट विकत घेऊन आपण अरण्य राखण्यास मदत करितों, असें १९८९ पासून वेष्टणावर सुचविलें जाई. पुढें कंपनीनेंच बाहेरच्या परीक्षकाकडून आपल्या सामाजिक कामाची तपासणी करविली, तेव्हां बहुतेक बिया नेहमींच्या व्यापारी बाजारांतूनच येत असल्याचें उघड झालें. ही तपासणी कंपनीनें आपल्या वार्षिक अहवालासोबत स्वतः छापिली, ही गोष्ट तिच्या बाजूनें सांगितली पाहिजे. आपल्यावरचा शेरा आपणच वाचून दाखविणारा विद्यार्थी आम्हांस वर्गांत फार क्वचित् भेटला.

आतां विशेष्याकडे वळूं. १९९८ सालीं कंपनीची विक्री सुमारें २० कोटी ९० लक्ष डॉलरांची होती व निव्वळ नफा सुमारें ६२ लक्ष. म्हणजे शंभर डॉलरांचा माल विकला तर हातीं तीन डॉलर उरत. खाद्यपदार्थांच्या प्रसिद्ध कंपनीच्या मानानें हें प्रमाण तोकडें आहे. आणि स्वतंत्र असेपर्यंत या कंपनीनें भागीदारांस रोख लाभांश एकदांही वाटला नाहीं. प्रतिष्ठानास वर्षास वर्ष देणगी मिळे. भागीदारास आशा मिळे. वाढत्या धंद्यानें नफा धंद्यांतच ठेवावा यांत गैर कांहीं नाहीं. पण ज्या घरांत वर्षाकांठीं येणाऱ्या लाभांशावर विम्याचा हप्ता किंवा मुलाची फी अवलंबून आहे, त्या घरच्या कर्त्यानें असा भाग घेतांना ही गोष्ट आधीं घरांत सर्वांस सांगावयास हवी होती.

मग भागीदारास शेवटीं फळ मिळालें तें कशांतून? १९९९ च्या अखेरीस, कंपनी विकली जाणार ही वार्ता फुटण्यापूर्वीं, तिच्या भागाचा भाव २१ डॉलरांच्या आसपास होता. एप्रिल २००० मध्यें युनिलिव्हरनें प्रत्येक भागास ४३ डॉलर ६० सेंट देऊन सारी कंपनी ३२ कोटी ६० लक्ष डॉलरांस विकत घेतली. दोन वर्षांपूर्वींच्या नफ्याच्या पन्नासपटीहून ही किंमत अधिक होते. चार महिन्यांत पैसे दुप्पट झाले. परंतु येथेंच सारी मेख आहे. ज्या व्यवहारानें भागीदाराचें भलें झालें, त्याच व्यवहारानें व्हर्मांटच्या गांवकऱ्यांची कंपनी सातासमुद्रापलीकडच्या धन्याकडे गेली. भाव वाढला तो देणगीमुळें नव्हे, दुधामुळेंही नव्हे. मोठ्या कंपनीला तें नांव हवें होतें म्हणून वाढला. आणि त्या नांवाला जी गोडी आली होती ती मात्र बव्हंशीं त्या सत्कृत्यांतून आली होती. म्हणजे वीस वर्षें सांठविलेला सदाचार एका दिवसांत विकला गेला, आणि त्याचें मोल भागीदारांनीं वांटून घेतलें, असें कठोर शब्दांत म्हणावें लागतें.

संस्थापक पुढें म्हणत आले कीं, एवढी किंमत पुढें आल्यावर नकार देणें कायद्यानें शक्य नव्हतें. जाणत्या कायदेपंडितांस हें सर्वथा पटलेलें नाहीं. संचालकांनीं नोकर, पुरवठादार व गांव यांच्या हिताचाही विचार करावा अशी मुभा देणारा कायदा व्हर्मांटनें १९९८ मध्येंच केला होता, आणि लोक त्यास याच कंपनीच्या नांवानें ओळखत. शिवाय एका भागास दहा मतें असे खास भाग मुख्यतः संस्थापकांच्याच हातीं होते. कुलूप होतें; तें लावावयाचें कीं नाहीं एवढाच प्रश्न होता.

विकतांना मात्र त्यांनीं एक करार करून घेतला. सामाजिक उद्दिष्ट व मालाचा लौकिक राखण्यास स्वतंत्र मंडळ, आणि पैशाचा व कामकाजाचा कारभार युनिलिव्हरकडे. एका घरांत दोन कर्ते! कित्येक वर्षें तें निभलेंही. २०२१ च्या जुलैंत पॅलेस्टाइनच्या व्याप्त प्रदेशांत आपला माल विकला जाऊं नये असें कंपनीनें जाहीर केलें, तेव्हां भांडें वाजलें. अमेरिकेंतील कांहीं राज्यांच्या निवृत्तिवेतन निधींनीं युनिलिव्हरमधील आपला पैसा काढून घेतला. २०२२ मध्यें युनिलिव्हरनें इस्रायलमधील धंदा तेथील परवानाधारकास विकून टाकला, मंडळ न्यायालयांत गेलें, तडजोड झाली. नोव्हेंबर २०२४ मध्यें पुन्हा फिर्याद झाली. सप्टेंबर २०२५ मध्यें ग्रीनफील्ड यांनीं सत्तेचाळीस वर्षांचा संबंध सोडून राजीनामा दिला. त्या राजकीय प्रश्नांत कोणाची बाजू खरी हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस दाखवावयाचें तें इतकेंच कीं, कंपनीच्या सदसद्विवेकाचाही खर्च येतो, आणि तो खर्च कोणीं भरावा याविषयीं भागीदारांत एकमत नसतें.

फ्रान्समधील दानोन या दुधादह्याच्या बलाढ्य कंपनीनें जून २०२० मध्यें आपल्या घटनेंतच सामाजिक ध्येय लिहून घेतलें. भागीदारांपैकीं शेंकडा ९९ मतें त्यास अनुकूल पडलीं. नऊ महिन्यांनीं, मार्च २०२१ मध्यें, भागाचा भाव मागें पडतो म्हणून कांहीं गुंतवणूकदारांनीं ओरड केली, आणि त्या ठरावाचे प्रवर्तक इमॅन्युएल फाबेर यांस अध्यक्षपद सोडावें लागलें. घटनेंतील ध्येय मात्र तसेंच राहिलें. जें लिहून ठेविलें तें टिकलें. जें एका माणसाच्या अंगीं होतें तें माणसाबरोबर गेलें.

चांगला हेतु अवाजवी किंमतीस घेतला तर काय होतें याचें उदाहरण 'बियाँड मीट'. प्राण्यांची हत्या टळावी म्हणून वनस्पतींपासून मांसासारखा पदार्थ करणारी ही कंपनी मे २०१९ मध्यें २५ डॉलर दरानें बाजारांत आली. त्याच जुलैंत भाव २३० डॉलरांच्या वर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्यें तो एका डॉलरच्याही खालीं उतरला. अहिंसेचें महत्त्व या सहा वर्षांत कमी झालें नव्हतें.

आपल्याकडे ही पारख करण्यास साधनें बरींच आहेत. तीं वाचण्याचा आळस तेवढा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मोठेपणाच्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास खर्चणें भाग केलें आहे. म्हणून एखाद्या कंपनीनें अहवालांत शाळेच्या इमारतीचें चित्र छापलें तर त्यानें भारावून जाऊं नये. तें कायद्याचें देणें असूं शकतें. त्यापेक्षां त्याच अहवालांत संचालकांचा पगार मध्यम नोकराच्या पगाराच्या किती पट आहे हें सांगणारा तक्ता असतो, तो काढावा. बाजारांतील पहिल्या हजार कंपन्यांस २०२२-२३ पासून जबाबदारीचा जो निराळा अहवाल द्यावा लागतो, त्यांत कच्चा माल लहान उत्पादकांकडून किती घेतला याचा आकडा असतो. हा आकडा म्हणजे वर सांगितलेली दुधाची गोष्ट होय.

ज्यांच्याविषयीं सर्वांच्या मनांत आदर आहे त्या दोन संस्थांचा भाग बाजारांत मिळतच नाहीं, हें येथें सांगणें जरूर आहे. अमूल दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालकीचें. आणि १९५९ सालीं गिरगांवांत सात बायकांनीं ऐशीं रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड तो लाटणाऱ्या भगिनींच्या मालकीचा. विकावयास कांहीं ठेविलेंच नाहीं, म्हणून कोणी दुप्पट भाव घेऊन दारीं येण्याचा संभव नाहीं. अशा संस्थांचा माल घ्यावा. शिल्लक ठेवण्यास दुसरी जागा शोधावी.

राहतां राहिले ते खात्यांत येऊन पडलेले आइस्क्रीमचे भाग. ते ठेवावे कीं विकावे हें ज्याच्या त्याच्या गरजेवर आहे. मुलीची फी पुढच्या महिन्यांत भरावयाची असेल तर विकण्यांत कांहीं पाप नाहीं. ठेवावयाचे असल्यास मात्र पहिला वार्षिक अहवाल येईल तेव्हां तो रद्दींत टाकूं नये. त्यापूर्वींही एक काम घरबसल्या होण्याजोगें आहे. या कंपनीच्या पुष्कळ मालावर आजवर 'आइस्क्रीम' असें नसून 'फ्रोझन डेझर्ट' असें छापलेलें असे, कारण त्यांत दुधाच्या स्निग्धांशाऐवजीं वनस्पती तेल असतें. याच भेदावरून २०१७ मध्यें हिंदुस्थान युनिलिव्हर व अमूल यांचा तंटा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तेव्हां घरांतील एखाद्या मुलास डबा आणावयास सांगावें, चष्मा लावावा, आणि झांकणावरचीं बारीक अक्षरें मोठ्यानें वाचून घ्यावीं.