शिक्का नसलेला निरोप

एकच अक्षर घ्यायचं आणि ते ओळीने एक कोटी वेळा लिहायचं. हा मजकूर भरतो साधारण १० मेगाबाइट. मग नेहमीच्या संगणकी पद्धतीने तो दाबून त्याची पुडी बांधायची. आत एकाच अक्षराची पुनरावृत्ती असल्यामुळे पुडी होते अवघी १० किलोबाइटची, मोबाइलवरच्या साध्या फोटोहूनही कितीतरी हलकी. ती निरोप म्हणून सोडून द्यायची. समोरचा फोन पुडी घेतो, उघडायला लागतो आणि उघडता उघडता ॲपचा श्वास कोंडतो. स्क्रीन गोठते. बोट कितीही फिरवा, काही हलत नाही.

२०२० साली लंडनजवळच्या एगममधल्या रॉयल हॉलोवे या विद्यापीठात चार संशोधकांनी असा निरोप तयार केला. मार्टिन अल्ब्रेख्त, होर्खे ब्लास्को, रिक्के ब्येर्ग येन्सन आणि लेन्का मारेकोव्हा. त्यांच्यासमोरचं ॲप होतं ब्रिजफाय. इंटरनेट नसतानाही निरोप पोचवणारं हे ॲप त्या काळात जगभरच्या आंदोलकांच्या फोनमध्ये उतरत होतं.

ते का उतरत होतं, हे समजून घ्यायला २०१९च्या हाँगकाँगमध्ये जावं लागेल. रस्त्यावर लाखो माणसं, टॉवरवर सगळ्यांचा एकदम ताण, आणि सरकार कुठल्याही क्षणी इंटरनेट बंद करील ही धास्ती. त्याच शहराने २०१४च्या छत्री आंदोलनात फायरचॅट नावाचं असंच एक ॲप वापरून पाहिलं होतं, त्यामुळे कल्पना ओळखीची होती. ब्रिजफाय ब्लूटूथवर चालतं. मोकळ्या जागेत त्याचा पल्ला सुमारे १०० मीटर, असं कंपनी सांगत होती. त्यापलीकडच्या माणसाला निरोप द्यायचा असेल तर मधल्या अनोळखी माणसांचे फोन तो हातोहात पुढे सरकवतात. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी राहते आणि बादल्या या हातातून त्या हातात जातात, तसंच. मोबाइलचा टॉवर गर्दीने गुदमरतो, पण या जाळ्याचं उलट आहे. गर्दी जितकी दाट तितकं जाळं घट्ट. आंदोलकांना आणखी काय हवं होतं?

२०१९च्याच नोव्हेंबरमध्ये इराणमध्ये इंटरनेट तुटलं. डिसेंबरमध्ये आपल्याकडे नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनात आसाममध्ये आणि दिल्लीच्या काही भागांत ते बंद झालं. जिथे जिथे असं घडत होतं तिथे तिथे ब्रिजफायचं नाव एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात होतं. ते घेणाऱ्याचा प्रश्न एकच होता: निरोप पोचतो का? पोचत होता.

एगममधल्या चौघांनी दुसरा प्रश्न विचारला. वाटेत ज्यांच्या हातातून तो जातो, त्यांचं काय?

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो मराठी माणसाला मुळीच नवा नाही. शिवकाळातलं राजपत्र जासुदाच्या हाती जायचं, पण जासुदावर सगळा भरवसा टाकलेला नसायचा. पत्राच्या माथ्यावर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की तिथेच मोर्तब, म्हणजे खाली कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज कुठल्याही मंजुरीसाठी वापरतो, पण मुळात ती तोड निरोप नेणाऱ्या हातावर काढलेली आहे. पत्र कुणाचं हे शिक्का सांगतो, ते कुठे संपलं हे मोर्तब सांगतं. सर्व्हरशिवाय चालणाऱ्या ॲपमध्ये तर प्रत्येक फोन जासूद असतो, आणि गर्दीतल्या जासुदांपैकी कोण साध्या वेशातला पोलीस आहे हे कुणाला ठाऊक?

ब्रिजफायचा सोर्स कोड खुला नव्हता. फोनवर उतरतं ते तयार ॲपच उलगडायचं, यंत्राच्या भाषेतून माणसाला वाचता येईल अशा रूपात परत आणायचं आणि निरोप कुठून कुठे जातो त्याचा माग काढायचा. शिवलेला सदरा उसवून मूळ बेतणी कशी होती ते शोधण्यासारखं हे चिकाटीचं काम. एकेक टाका उसवत गेला तसं जे दिसत गेलं ते भयंकर होतं.

पहिलं म्हणजे पाकिटावरची नावं उघडी होती. खासगी निरोपातही पाठवणारा कोण, घेणारा कोण, या दोन्ही ओळखी कुलपाबाहेरच प्रवास करत होत्या. मजकूर एक अक्षरही वाचता आला नाही तरी चौकात फोन घेऊन उभा राहिलेला माणूस कोण कुणाशी बोलतं याचा नकाशा काढू शकत होता. आंदोलनात पोलिसांना बहुतेक वेळा हवा असतो तो हाच नकाशा. कोण बोललं, कुणाशी, किती वेळा.

दुसरं, शिक्काच नव्हता. दोन फोन भेटले की आपापला क्रमांक सांगायचे आणि समोरचा तो खरा मानून चालायचा. म्हणजे कुणालाही कुणाच्याही नावाने निरोप धाडता येत होता. ‘मैदानात जमा’ असं नेता म्हणतोय की नेत्याचं नाव घेतलेला दुसराच कुणी, हे फोनला कळायला मार्ग नव्हता.

तिसरं कोडं सगळ्यात अवघड आणि मला विचाराल तर सगळ्यात देखणं. खासगी मजकुराला कुलूप होतं, पण ते जुन्या घडणीचं होतं. १९९८ साली बेल लॅब्समध्ये काम करणाऱ्या डॅनिएल ब्लायखेनबाखरने या घडणीतली खोट दाखवून दिली होती. कुलूप फोडायचं नाहीच. कुलपाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारायचे. पकडलेला बंद निरोप थोडा थोडा बदलून त्याच माणसाकडे परत परत पाठवायचा. आतला मजकूर उघडल्यावर ठरलेल्या साच्यात बसला तर फोन एक वागतो, नाही बसला तर दुसरं वागतो. दर वेळी मिळतं ते फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. पण अशी लाखो उत्तरं जमवली की शक्यता आकसत आकसत मूळ मजकुरावर येऊन थांबतात. या हल्ल्याला जाणकारांत ‘दशलक्ष निरोपांचा हल्ला’ म्हणूनच ओळखतात.

मग ब्रिजफायचा फोन ‘हो’ कुठे म्हणत होता? निरोप नीट उघडला की ॲप पाठवणाऱ्याला पोचपावती द्यायचं. न उघडला तर गप्प राहायचं. निरोप पोचला हे कळून माणसाच्या जिवाला बरं वाटावं म्हणून दिलेली ती पोचपावती! तीच कुलपाची जीभ ठरली. त्यात आणखी एक गोष्ट. हे ॲप मजकुराला कुलूप लावण्याआधी त्याची पुडी बांधायचं आणि अशा पुडीची सुरुवात नेहमी ठरावीक खुणांनी होते. पुडी आणि जुनं कुलूप एकत्र आल्याने जो साचा तयार झाला त्याच्याशी जुळेल अशी त्या हल्ल्याची नवी तऱ्हा चौघांनी बेतली. शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन, एक न कंटाळता विचारतोय, दुसरा इमानदारीने पावत्या देतोय, आणि त्या पावत्यांतून कुणाचं तरी खासगी बोलणं बाहेर येतंय.

सुरुवातीला सांगितलेली ती दहा किलोबाइटची पुडी यानंतरची. आलेला निरोप पुढे द्यायचा हाच या जाळ्याचा धर्म असल्याने एका निरोपाने अख्खं जाळं बंद पाडणं शक्य होतं. ज्या गुणावर ॲप उभं होतं त्यानेच ते आडवं होत होतं.

२७ एप्रिल २०२० रोजी संशोधकांनी हे सगळं कंपनीला कळवलं. निरोप मिळाल्याची पोच त्याच दिवशी आली. २४ ऑगस्टला निष्कर्ष जाहीर करायचे असं दोन्ही बाजूंत ठरलं. मध्ये ११९ दिवस.

हे दिवस मला सोडत नाहीत. खोट आधीच बोलून टाकली तर दुरुस्तीआधी ती पोलिसांच्याही हाती जाते. गप्प राहावं तर रोज नवी माणसं भरवशाने तेच ॲप उघडतात. आणि ते दिवस साधे नव्हते. मेअखेर पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिकेतले रस्ते भरले. ३० जूनला हाँगकाँगमध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. ९ ऑगस्टच्या निवडणुकीनंतर बेलारूसमध्ये माणसं बाहेर पडली आणि तिथलं इंटरनेट तुटलं. १ जूनपासून कंपनी आपल्या वापरकर्त्यांना सांगू लागली होती की सध्याच्या ॲपमधल्या गुप्ततेवर विसंबू नका. पण मोर्चाला निघण्याच्या घाईत ॲप उतरवणाऱ्या कितीजणांनी तो इशारा थांबून वाचला असेल?

कंपनीने खोट झाकली नाही, नवं कुलूप बसवायचं कबूल केलं, आणि ते ऑक्टोबर २०२०च्या शेवटी आलंही. हे न्यायाने सांगितलंच पाहिजे. हे कुलूप सिग्नल ॲपचं होतं, अनेकांनी तपासलेलं आणि भक्कम. १ फेब्रुवारी २०२१ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, दळणवळण तोडलं, आणि तिथल्या तरुणांनी पुन्हा ब्रिजफायकडे धाव घेतली.

२०२२ साली अल्ब्रेख्त यांनी राफाएल आयकेनबर्ग आणि केनेथ पॅटरसन यांच्यासोबत नव्या रूपाचीही परीक्षा घेतली. कुलूप खरोखर चांगलं होतं, दार चौकटीत नीट बसवलेलं नव्हतं. निरोप कुणासाठी आहे याची खात्री करून घेण्याचा क्षण आणि त्याला कुलूप लावण्याचा क्षण यांत फट राहिली होती. तेवढ्या फटीत नाव बदललं की खासगी मजकूर भलत्याच्या हाती पडत होता. सगळ्यांसाठीच्या निरोपांचं वेगळं कुलूप तर किल्ली हाती नसतानाही उलगडत होतं.

जुलै २०२५मध्ये ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक, जॅक डॉर्सी, यांनी बिटचॅट हे ब्लूटूथवरचं नवं ॲप आणलं. या वेळी सोर्स कोड पहिल्यापासून खुला होता आणि थोड्याच दिवसांत ॲलेक्स राडोचा या सुरक्षा संशोधकाने तो वाचून दाखवून दिलं की तुमच्या ओळखीच्या माणसाचं सोंग घेऊन दुसरा कुणी तुमच्याशी बोलू शकतो. बाहेरच्यांनी सुरक्षा तपासलेली नाही असा इशारा ॲपसोबत जोडला गेला. पाच वर्षांनी, दुसऱ्या माणसांच्या हातून, दार पुन्हा त्याच जागी उघडं राहिलं होतं.

हे सगळं वाचून मी गेल्या पावसाळ्यात कोकणात गावी गेलो. आमच्याकडे वीज गेली की काही तासांत टॉवरही जातो. भाचीने घरातल्या चारही फोनवर असंच एक बिनइंटरनेटचं ॲप घालून दिलं. खालच्या घरातून वरच्या घरात, मधल्या गोठ्याजवळ ठेवलेल्या तिसऱ्या फोनवरून उडी घेऊन निरोप जात होते. बाहेर पागोळ्यांचा एकसुरी आवाज, मिट्ट काळोख, आणि त्यात स्क्रीनवर उमटणारी एकेक ओळ. मला खरंच भरून आलं. आई वरच्या घरात एकटी, तिच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ झालेली. मी विचारलं, गोळी घेतलीस का? थोड्या वेळाने तिच्या नावावर उत्तर आलं: ‘घेतली. झोपते आता.’ मी निर्धास्त झालो, अंथरूण घातलं.

दहा मिनिटांनी भाची चिंब भिजून पडवीत आली.

‘मामा, मघाशी आजीच्या नावाने मीच लिहिलं होतं. नाव कुणालाही घालता येतं का ते बघत होते. आजीचा फोन तर संध्याकाळीच बंद पडलाय.’

मी खुंटीवरची बॅटरी काढली आणि पाणंदीने वर निघालो.