बँक : दोन एपिसोड

सकाळी ७. घोडबंदर रोडवरचा बंगला, रोजच्या एका मराठी मालिकेचा सेट. स्पॉटदादांचा पहिला चहा फिरून झालाय. काल सत्यनारायणाचा सीन अर्धा राहिला होता आणि रात्रीत चौरंगावरच्या पाच केळ्यांची चार झालीयत. कॅमेऱ्याने काल पाच पाहिली. कंटिन्युटी सांभाळणारी असिस्टंट वैतागते. सेटिंगदादा बाजार गाठतात.

९. शिफ्ट सुरू, सीनचा पत्ता नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि चॅनेलच्या क्रिएटिव्ह टीमने हो म्हटल्याशिवाय यांतलं एक पानही पुढे सरकत नाही. मालिका काढते निर्मितीसंस्था, हक्क मात्र चॅनेलचे. ९.४० ला पानं व्हॉट्सअ‍ॅपवर पडतात. हेअरदीदी अंबाडा घालतायत, तोवर सूनबाई संवाद पाठ करतात.

११. गुरुवार, म्हणजे टीव्हीचं रेटिंग मोजणाऱ्या बार्कचे आकडे. देशभरातल्या ५० हजारांवर घरांत मीटर बसवलेत. तिथे कुणी रिमोट कुठे दाबला, त्यावर इथली कथा वळते. ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर), म्हणजे बजेट, तारखा आणि शिव्या या तिन्हींचा धनी, फोन घेऊन गच्चीवर जातो. रेटिंग घसरलंय. हुकूम येतो : पूजा आवरा, सासूला जिन्यावरून पाडा, शनिवारच्या भागात. हातात तयार भाग दोनच, आजचा नि उद्याचा. यालाच बँक म्हणतात, आणि तिच्यात कायम खडखडाट असतो.

१.३०. जेवण.

२.३०. सासूचं काम करणाऱ्या ताई साठीच्या. त्यांना कोण पाडणार? पडतं ते हातातलं ताट. चार टेक होतात, कारण ताट दर वेळी भलतीकडे घरंगळतं. मग सात जणांचे दचकलेले चेहरे, एकेक करून. हे चेहरे मिनिटं खातात म्हणून लोक हसतात. पण रोज वीस-बावीस मिनिटं भरायची असली की मीही तेच करेन.

६. फुटेज एडिटला अंधेरीकडे रवाना. घोडबंदरच्या ट्रॅफिकपुढे चॅनेलचंही काही चालत नाही.

९. पॅकअप. लाइटदादांची रोजंदारी लागली. कलाकारांच्या आजच्या दिवसाचे पैसे बहुधा ९० दिवसांनी. सासूच्या कुठल्या पायाला प्लास्टर, हे चॅनेलने कळवलेलं नाही. असिस्टंटने उद्याच्या कॉलशीटवर ‘डावा’ लिहून टाकलंय.